रात्री अडीचचा वास नळीत कसा भरायचा: हवेतल्या व्हीओसीची मोजणी, सॅम्पलिंगपासून रिपोर्टपर्यंत

कोपरखैरण्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या लॅबमध्ये आले होते. मागणी सरळ होती. "मॅडम, रात्री अडीच-तीनला थिनरसारखा वास येतो. मशीन आणा आणि काय आहे ते सांगा." मी विचारलं, वास किती वेळ टिकतो? "वीस मिनिटं, फार तर अर्धा तास." रोज येतो का? "नाही, थंडीत जास्त." त्या वेळी वारा कुठून असतो? पंखा लावलेला असतो की खिडकी उघडी असते? चौथ्या प्रश्नाला काकांना वाटलं, बाई टाळतायत.

टाळत नव्हते. जीसी-एमएस नावाचं (संयुगं कॉलम नावाच्या लांब बारीक नळीत वेगळी करून त्यांच्या वजनावरून ओळखणारं) जे 'मशीन' त्यांच्या डोक्यात होतं ते जडच्या जड असतं, त्याला शुद्ध हेलियम लागतो आणि ते लॅबमधून हलत नाही. ते सोसायटीत जात नाही. सोसायटीची हवा त्याच्याकडे यावी लागते. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) या औद्योगिक पट्ट्यातल्या लॅबमध्ये एम.एस्सी. करून नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना जीसी चालवता येते, आलेखावरचं पीक, म्हणजे संयुगाचं शिखर, इंटिग्रेट करता येतं. ही हवा नीट आणायची कशी हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा यंत्रापर्यंतच्या वाटेवर जास्त लिहिलं आहे.

आधी प्रश्न नक्की करा

व्हीओसी म्हणजे साध्या तापमानाला सहज हवेत मिसळणारी कार्बनी संयुगं: पेट्रोलमधलं बेंझीन, थिनरमधलं टोल्युइन, रंगातलं झायलीन, नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन, औषध कारखान्यांतलं मिथेनॉल आणि डायक्लोरोमिथेन. 'सगळे व्हीओसी मोजा' असं ग्राहक म्हणतो, पण असं मोजणारी एकच पद्धत अस्तित्वात नाही. फॉर्मल्डिहाइडचंच बघा. ते नेहमीच्या नळीत टिकत नाही आणि एफआयडी या ज्योतीच्या डिटेक्टरला जवळजवळ दिसत नाही. त्याला डीएनपीएच (फॉर्मल्डिहाइडला बांधून ठेवणारं रसायन) लावलेली कार्ट्रिज लागते, पुढे ओझोन अडवायला पोटॅशियम आयोडाइड आणि शेवटी एचपीएलसीवर (द्रवातली संयुगं वेगळी करणारं यंत्र) ३६० नॅनोमीटरला मोजणी. ते वेगळं काम आहे, त्याचं वेगळं कोटेशन द्या.

पैसे घेण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: कोणती संयुगं, किती वेळची सरासरी आणि आकड्याचं पुढे काय करणार. २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत १२ प्रदूषकं आहेत. त्यांत बेंझीन आहे, मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, आणि ती वर्षाची सरासरी आहे. टोल्युइन, झायलीन त्या यादीत नाहीत. एका रात्रीचा वीस मिनिटांचा नमुना या मर्यादेशेजारी ठेवून 'पास' किंवा 'नापास' लिहिणारे रिपोर्ट मी पाहिले आहेत. असं लिहू नका.

वाऱ्याचा विचारही इथेच करायचा. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी एमआयडीसी, पश्चिमेला वस्ती आणि त्यापुढे खाडी. दिवसा वारा बहुधा खाडीकडून डोंगराकडे वाहतो, म्हणजे वस्तीवरून कारखान्यांकडे. रात्री तो पडतो आणि जमिनीवरची गार हवा उलट खाडीकडे सरकते. हिवाळ्यात वर उबदार हवेचं झाकण बसतं, त्यामुळे जे सुटतं ते खालीच राहतं. काकांचा 'थंडीत जास्त, रात्री जास्त' हा तपशील म्हणून मोलाचा होता. सकाळी अकराला जाऊन नमुना घेतला असता तर स्वच्छ रिपोर्ट निघाला असता आणि तो खराही असता. फक्त त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

पीआयडी घेऊन एक फेरी

हातातला पीआयडी मीटर अतिनील दिव्याने रेणूंचं आयनीकरण करतो आणि तयार होणारा विद्युतप्रवाह मोजतो. दिवा बहुतेक वेळा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. बेंझीनला ९.२४ पुरतात, टोल्युइनला ८.८ च्या आसपास, ॲसिटोनला ९.७. हे सगळे दिसतात. पण मिथेनॉलला १०.८ पेक्षा जास्त लागतात आणि डायक्लोरोमिथेनला ११.३. हे दोन्ही औषध कारखान्यांत पिंपांनी वापरले जातात आणि या दिव्याला दिसत नाहीत. म्हणून मीटर शून्य दाखवतोय याचा अर्थ हवा स्वच्छ असा घेऊ नका.

मीटरचं कॅलिब्रेशन आयसोब्युटिलीनने होतं, त्यामुळे पडद्यावरचा आकडा 'आयसोब्युटिलीन असतं तर इतकं' असा वाचायचा. एकटं बेंझीन असल्याची खात्री असेल तर त्याला साधारण अर्ध्याने गुणा. मिश्रण असेल तर आकडा फक्त कमी-जास्त सांगतो. पावसाळ्यात दिव्याच्या काचेवर दमट थर बसतो आणि वाचन खाली येतं. फेरीला निघण्याआधी शून्य (स्वच्छ हवेत) आणि स्पॅन (ठाऊक तीव्रतेच्या वायूत) दोन्ही तपासा. पीआयडीचा खरा उपयोग नळी कुठे आणि कधी उघडायची हे ठरवण्यासाठी. तो आकडा रिपोर्टात टाकायचा मोह आवरा.

कोळसा, टेनॅक्स की कॅनिस्टर

कामगाराच्या कॉलरला लावायची ती नारळाच्या करवंटीच्या कोळशाची काचनळी, पुढे १०० मिलिग्रॅम, मागे ५०. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेची १५०१ ही पद्धत. नळीचा माल १ मिलिलिटर कार्बन डायसल्फाइडमध्ये उतरवायचा आणि त्यातला १ मायक्रोलिटर जीसी-एफआयडीत टोचायचा. मागच्या भागात पुढच्याच्या १० टक्क्यांहून जास्त सापडलं तर नळी भरून वाहिली असं समजायचं आणि नमुना रद्द करायचा. कार्बन डायसल्फाइडच्या बाटलीत बेंझीनची भेसळ नेहमीची, त्यामुळे प्रत्येक नवी बाटली आधी नुसतीच चालवून बघा. आणि हे द्रव जेमतेम ९० अंशाच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावरही पेट घेतं. फ्यूम हूडमध्ये हॉटप्लेट सुरू ठेवून त्याची बाटली उघडायची नाही.

इथलं साधं गणित ध्यानात घ्या. १ मिलिलिटरमधला १ मायक्रोलिटर, म्हणजे पकडलेल्या मालाचा हजारावा हिस्साच यंत्रात गेला. कामाच्या जागी पीपीएममध्ये (दहा लाखांत एक भाग) मोजायचं असतं तिथे हे चालतं. रस्त्यावरच्या किंवा गच्चीवरच्या हवेत मोजणी पीपीबीत (अब्जात एक भाग) असते, तिथे हजारावा हिस्सा परवडत नाही. म्हणून वस्तीतल्या हवेसाठी टेनॅक्स टीए (संयुगं धरून ठेवणारी पॉलिमरची भुकटी) भरलेली स्टीलची नळी आणि थर्मल डिसॉर्प्शन: नळी तापवायची आणि पकडलेलं सगळं थेट कॉलममध्ये ढकलायचं. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेची टीओ-१७ ही पद्धत याचीच. तोटा असा की नळी एकदा तापवली की नमुना संपला. दुसऱ्यांदा टोचायला काही उरत नाही, म्हणून जोडीची नळी हवीच.

टेनॅक्स ओलावा धरत नाही, मुंबईच्या बाजूला हा मोठा गुण. पण डायक्लोरोमिथेनसारखी हलकी संयुगं त्याच्यावर थांबत नाहीत, थोड्याच लिटरमध्ये पलीकडून निघून जातात. बघा कसं जुळून येतं: ज्याला पीआयडी आंधळा, त्यालाच टेनॅक्सही सोडून देतं. दोन्ही साधनं वापरली, दोन्हीकडे काही नाही, आणि माणसाला खात्रीच पटते. औषध कारखान्यांचा परिसर असेल तर टेनॅक्समागे कार्बनचे थर असलेली बहुथरी नळी घ्या किंवा कॅनिस्टर. मिथेनॉलला सिलिका जेलची नळी वेगळी.

कॅनिस्टर म्हणजे आतून निष्क्रिय केलेला, बहुधा ६ लिटरचा, निर्वात केलेला स्टीलचा गोळा. झडप उघडली की हवा आपोआप आत. पंप नको, वीज नको, एकाच नमुन्यातून दोन-तीन वेळा मोजता येतं. टीओ-१५ ही त्याची पद्धत. पण गोळे महाग, धुणं वेळखाऊ, आणि एकदा तीव्र नमुना भरला की तो गोळा बरेच दिवस आठवण काढत राहतो.

नळी आधी रिकामी आहे हे सिद्ध करा

नळ्या ३२० अंशाच्या आसपास शुद्ध नायट्रोजन किंवा हेलियमखाली तापवून घ्या आणि नंतर प्रत्येक नळी, निदान प्रत्येक बॅचमधल्या काही, नमुन्यासारख्याच चालवून बघा. टेनॅक्स स्वतःच बेंझीनचे थोडे नॅनोग्रॅम सोडतं. ते किती हे तुम्हाला नळीच्या नंबरासकट माहीत असायला हवं. टोपण पितळी, आत टेफ्लॉनचं फेरूल (घट्ट बसणारं कडं). प्लॅस्टिकची टोपणं फक्त टेबलावर.

प्रत्येक फेरीला किमान एक फील्ड ब्लँक: तीच नळी, तोच प्रवास, जागेवर क्षणभर उघडून लगेच बंद, पंप नाही. मुलं हा वाचवतात कारण 'त्यात काही नसतंच'. आमच्याच गाडीची गोष्ट सांगते. एका फेरीतल्या सगळ्या नळ्यांत टोल्युइन, झायलीन छान दिसले. वस्तीत, रस्त्यावर, खाडीकाठी, सगळीकडे जवळपास सारखेच. खाडीकाठीही? ब्लँक चालवला, त्यातही तेच. नळ्यांच्या डब्याशेजारी जनरेटरचा पेट्रोलचा कॅन ठेवला होता, आणि वर आमच्या एका हुशार मुलाने नळ्यांवर परमनंट मार्करने नंबर घातले होते. अख्खी फेरी वाया गेली. तेव्हापासून नंबर कोरलेले, आणि पेट्रोल वेगळ्या गाडीतून.

प्रत्यक्ष सॅम्पलिंग

पंपाचा प्रवाह नळी लावलेली असताना मोजा. नळीविना मोजलेला आकडा निरुपयोगी, कारण टेनॅक्सचा रोध प्रवाह खाली आणतो. सुरू करताना एकदा आणि बंद करायच्या आधी एकदा. दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर नमुना पुन्हा घ्या.

तासाभराच्या नमुन्यासाठी टीओ-१७ दोन नळ्या शेजारी शेजारी लावायला सांगते: एकीत १ लिटर, दुसरीत ४. म्हणजे मिनिटाला सुमारे १७ आणि ६७ मिलिलिटर. दोन्हींतून एकच तीव्रता निघायला हवी. ४ लिटरवालीत तीव्रता बरीच कमी दिसली तर काहीतरी पलीकडून निसटलं. १ लिटरवालीतच जास्त दिसलं आणि फरक ठराविक नॅनोग्रॅमचा असेल तर नळीच मळलेली. पैसे वाचवायला एकच नळी लावली तर या दोन्ही चुका दिसणार नाहीत. मी तरी जोडीशिवाय रिपोर्टावर सही करत नाही.

काकांचा वास वीस मिनिटांचा होता. तासभर पंप चालवला असता तर वीस मिनिटांची घाण चाळीस मिनिटांच्या चांगल्या हवेत पातळ झाली असती. म्हणून मिनिटाला १०० मिलिलिटर, वीस मिनिटं, २ लिटर. जोडीला २५ मिलिलिटरवाली. रात्री अडीचला मी तिथे रोज बसणार नव्हते, म्हणून पंप सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवले आणि त्यांना तीनच गोष्टी शिकवल्या: टोपण काढून खाच असलेलं तोंड बाहेर ठेवायचं, बटण दाबून घड्याळात वेळ लिहायची, वीस मिनिटांनी बंद करून टोपणं पानाने आवळायची. आणि विडी ओढायची तर खाली जाऊन. वॉचमन हसले, पण पाळलं. त्यांनी लिहिलेल्या वेळा आमच्या काही फील्ड शीटपेक्षा नीट होत्या.

जागा गच्चीची निवडली, पण पाण्याच्या टाकीला त्याच आठवड्यात इपॉक्सी लावलं होतं, म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात गेलो. भिंतीपासून दूर, तोंड जमिनीपासून माणसाच्या नाकाच्या उंचीला, जवळ गॅस सिलिंडर, जनरेटर, ताजा रंग काही नको. पाऊस असेल तर नळीवर उलटा स्टीलचा पेला, प्लॅस्टिकची पिशवी नाही. वाऱ्याची दिशा, तापमान, दाब जागेवरच लिहा. नंतर मोबाइलवर शोधलेला कुलाब्याचा वारा कोपरखैरण्याला लागू नसतो.

परत येताना नळ्या बर्फाच्या डब्यात, लॅबमध्ये ४ अंशाखाली, तीस दिवसांच्या आत चालवा. फ्रिजमधून काढलेली नळी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. जुलैत घाई केलीत तर तिच्यात पाण्याचे थेंब जमतील आणि एमएसचं व्हॅक्यूम तुमच्यावर राग काढेल.

यंत्रावर

पावसाळ्यातली नळी असेल तर आधी साध्या तापमानाला, सॅम्पलिंगच्याच दिशेने काही मिनिटं कोरडा वायू सोडून पाणी काढा. मग उलट दिशेने, २८० अंशाला दहा मिनिटं तापवा. माल गार सापळ्यात साठतो. सापळा झटक्यात ३०० पर्यंत तापला की सगळं एका अरुंद पट्टीत कॉलममध्ये शिरतं. सुरुवातीच्या काही नळ्या दुसऱ्यांदा तापवून बघा. दुसऱ्या खेपेला काही यायला नको.

कॉलम ६२४ प्रकारचा, ६० मीटर. ओव्हन ४० अंशापासून २२० पर्यंत सावकाश. कितीही सावकाश चढवलात तरी या कॉलमवर मेटा आणि पॅरा झायलीन एकाच पीकमध्ये येतात. दोघांना मिळून लिहा. वेगळे दाखवणारा रिपोर्ट दिसला तर विचारा, कॉलम कुठला?

डिटेक्टर एफआयडी की एमएस? एफआयडी ज्योतीत जळणारा कार्बन जवळजवळ मोजून देतो. स्वस्त, टणक, आकड्यांना पक्का. पण पीक कुणाचं हे फक्त रिटेन्शन टाइमवरून, म्हणजे कॉलममधून बाहेर पडायला लागलेल्या वेळेवरून, ठरतं. ओळखीच्या चार-पाच संयुगांना उत्तम. अनोळखी वासाला एमएसच हवा. तिथे रेणूच्या तुकड्यांच्या वजनाचे आकडे दिसतात: बेंझीन ७८ वर दिसतं, टोल्युइन ९१ आणि ९२ वर, झायलीन ९१ आणि १०६ वर. इथिलबेंझीनचा स्पेक्ट्रम झायलीनसारखाच, म्हणून लायब्ररीने (यंत्रातल्या स्पेक्ट्रमच्या साठ्याने) ९५ टक्के जुळतंय म्हटलं तरी रिटेन्शन टाइमशी पडताळा. १८, २८, ३२ वाढलेले दिसले तर पाणी किंवा हवा शिरते आहे. २०७ आणि २८१ चढत गेले तर कॉलम झिजतोय. आणि ७३ वर मोठं सिलोक्सेन दिसलं तर आधी लॅबमधल्या कुणी डिओ मारलाय का ते विचारा.

कॅलिब्रेशनसाठी मिथेनॉलमधल्या स्टँडर्डचा १ मायक्रोलिटर रिकाम्या टेनॅक्स नळीत टोचा आणि वरून नायट्रोजन सोडा. मिथेनॉल निघून जातं, बाकीचे थांबतात. किमान पाच पातळ्या: ५, २०, ५०, २००, ५०० नॅनोग्रॅम. प्रत्येक नळीत अंतर्गत मानक (दर वेळी सारखंच घातलेलं ओळखीचं संयुग), टोल्युइन-डी८ चालतं. रोज सकाळी मधली पातळी चालवा. ३० टक्क्यांबाहेर गेली तर त्या दिवशी नमुने नाहीत, कारण शोधा. मोजण्याची खालची मर्यादा कॅटलॉगमधून उचलू नका. सर्वांत खालची पातळी सात वेळा चालवा आणि येणाऱ्या प्रमाण विचलनाला ३.१४ ने गुणा.

आकडा

समजा जानेवारीची रात्र, २० अंश, १०१.० किलोपास्कल. प्रवाह आधी १०१, शेवटी ९९, सरासरी १००. वीस मिनिटांत २.०० लिटर. २५ अंश आणि १०१.३ किलोपास्कलला आणायचं तर २.०० गुणिले २९८ भागिले २९३ गुणिले १०१.० भागिले १०१.३, म्हणजे २.०३ लिटर. नळीत टोल्युइन ४१२ नॅनोग्रॅम, ब्लँकमध्ये ४. उरले ४०८. भागिले २.०३, तर २०१ नॅनोग्रॅम प्रति लिटर, म्हणजेच २०१ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. पीपीबी हवा तर टोल्युइनला ३.७७ ने भागा: ५३. बेंझीनला भाजक ३.१९.

इथे एक खाच आहे. साबणाच्या फुग्याचा मीटर त्या जागेच्या तापमानाचा प्रवाह दाखवतो, तर अनेक इलेक्ट्रॉनिक मास फ्लोमीटर आधीच प्रमाणित तापमानाला आणलेला. दुसरा वापरून वर पुन्हा हीच दुरुस्ती केलीत तर ती दोनदा होईल. मीटरच्या पुस्तिकेत बघा, आणि त्याचं 'प्रमाणित' शून्य अंशाचं आहे की २५ चं तेही.

त्याच नळीत बेंझीन ब्लँक वजा जाता १३ नॅनोग्रॅम असेल तर टोल्युइन त्याच्या तीसपटीहून जास्त. गाड्यांच्या धुरात हे गुणोत्तर दोन-तीनच्या आसपास असतं. दिवसा, त्याच गच्चीवर, रस्त्याच्या गर्दीत तीन आणि रात्री तीस, तर रात्रीचं टोल्युइन गाड्यांचं नाही, कुठल्या तरी द्रावकाचं आहे. एका आकड्यापेक्षा ही तुलना कितीतरी जास्त सांगते, म्हणून दिवसाची एक जोडी नळ्या फुकट गेली असं समजू नका.

मात्र सर्वांत मोठं पीक म्हणजे वासाचा धनी असंही नसतं. मरकॅप्टनसारखी गंधकाची संयुगं नाकाला एका पीपीबीच्याही खाली कळतात आणि स्टीलच्या नळीत पोहोचेपर्यंत हरवतात. काकांनी 'थिनर' म्हटलं होतं, 'सडका' नाही, म्हणून द्रावकांमागे गेलो. ते 'सडका' म्हणाले असते तर नळी, डबा, सगळंच वेगळं लागलं असतं.

रिपोर्टात नळीचे नंबर, उघडल्या-मिटल्याच्या वेळा, दोन्ही प्रवाह, ब्लँकचा आकडा, जोडीतला फरक, वाऱ्याची दिशा आणि खालची मर्यादा लिहा. मर्यादेखालचं 'शून्य' नाही, 'इतक्यापेक्षा कमी' असं. कारखान्याचं नाव लिहू नका, भले ग्राहक दोनदा फोन करो. काकांनी तीनदा केला. त्यांना सांगितलं, पूर्वेकडून येणाऱ्या मंद वाऱ्यात, पहाटे २:४० ते ३:००, हे द्रावक, इतकं; हा कागद आणि वॉचमनची वही घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा, पुढची तपासणी त्यांच्या अधिकारातली. क्रोमॅटोग्रामच्या मूळ फाइल्स आणि उरलेल्या कॅलिब्रेशन नळ्यांचे नंबर आम्ही जपून ठेवले, कारण मंडळाकडून पहिला प्रश्न ब्लँकबद्दलच येतो.